झाईचा एकसारखा पिवळा

काशीनाथ सावे यांचा एकाच गोष्टीवर ठाम विश्वास होता, आणि ती म्हणजे कुठेतरी घोटाळा आहे. कुठे, हा तपशिलाचा प्रश्न. तो तपशील शोधायला सरकारने त्यांना पगार दिला होता. पालघर वेगळा होण्याआधीच्या लांबलचक ठाणे जिल्ह्यात त्यांनी अख्खी नोकरी लेखापरीक्षणात काढली, आणि ते तपासणीला येणार म्हटलं की ग्रामसेवकांना हिवताप भरत असे. निवृत्त होऊन घोलवडला चिकूच्या वाडीत परतले तरी सवय सुटली नाही. चिकू उतरवण्याआधी नखाने किंचित खरवडून आत हिरवं आहे की पिवळं ते पाहायचं, ही बागायतदारांची रीत. सावे ती माणसांवर वापरत. एकदा त्यांनी दूधवाल्याला अगदी सहज विचारलं, "काय रे, हल्ली पाणी कुठलं घालतोस, विहिरीचं की नळाचं?" तो बेसावधपणे "विहिरीचं" म्हणून गेला. तेव्हापासून तो कुंपणाबाहेरच किटली ठेवून हाक मारायचा.

अशा माणसाला डहाणूच्या किनारा आरोग्य न्यासाने विश्वस्त करून घेतलं, यात न्यासाचा भोळेपणा असेल किंवा कमालीचा धूर्तपणा. स्टेशनजवळ साड्यांच्या दुकानाच्या वर न्यासाची छोटी रक्ततपासणी प्रयोगशाळा होती. तिथे दोन माणसं. जागृती चुरी ही तंत्रज्ञ, वाणगावकडची, हुशार आणि अबोल. वडील गेल्यापासून घर तिच्यावरच चालायचं. दुसरा ऋषभ, तलासरीहून मोटरसायकलवर येऊन रक्त काढणारा. आणि शनिवारी सावे, संशय घ्यायला.

२०१७ सालच्या त्या शनिवारी जागृतीने त्यांच्यापुढे एक कागद ठेवला. सावेंनी चष्मा वर केला, खाली केला.

"हे काय?"

"झाईचे निकाल, काका."

"हे निकाल नव्हेत. ही इस्त्री आहे."

प्रकरण असं होतं. मुंबईच्या एका संशोधन संस्थेने न्यासाला एक काम दिलं होतं. रोज मासे खाणाऱ्या, झाई या किनाऱ्यावरच्या गावातल्या कोळणी आणि वार बघून मासे खाणाऱ्या घोलवड-कोसबाडच्या बागायतीतल्या बायका, यांच्या रक्तातल्या एका प्रथिनात फरक पडतो का, एवढं पाहायचं. ते प्रथिन जागृतीने सावेंना पहिल्याच दिवशी समजावलं होतं. रक्तात प्लेटलेट नावाच्या बारीक पेशी असतात, कुठे कापलं की धावत जाऊन भोकाला बूच लावणाऱ्या. त्यांच्या अंगावर रिसेप्टर म्हणून एक प्रथिन असतं, फाटलेल्या शिरेची कड धरायचा जणू हातच. त्यातले काही हात तुटून रक्तात तरंगत राहतात. ते किती तरंगतात हे मोजणारा संच म्हणजे ही किट.

सावेंनी सगळं नीट ऐकून घेतलं होतं आणि एकच प्रश्न विचारला होता: "हात तोडतं कोण?"

आता त्यांच्यापुढच्या कागदावर घोलवडच्या बायकांचे आकडे बारापासून सत्तरपर्यंत वाट्टेल तसे उंडारत होते. आणि झाईच्या बावीस बायका? एकेचाळीस, बेचाळीस, एकेचाळीस, चाळीस, एकेचाळीस. शाळेच्या कवायतीतसुद्धा इतक्या मुली एका उंचीच्या मिळत नाहीत.

"जागृती, खरा आकडा घामाघूम होऊन येतो. हे आकडे पावडर लावून आलेत."

"मशीनने दिले तेच लिहिलेत, काका."

"प्रत्येक ग्रामसेवक मला हेच सांगायचा. तेव्हा तर मशीनही नव्हतं."

संस्थेच्या डॉक्टर मयुरा यांना आधी हे आकडे फार आवडले होते. रोजच्या बोंबलाने साऱ्या गावाचं रक्त एका पातळीवर येतं, अशी काहीतरी मांडणी त्यांनी करूनही टाकली होती. वरिष्ठ हसले तेव्हा त्यांचा आनंद ओसरला, आणि मग डहाणूला फोन आला.

"सावेसाहेब, स्पष्टच बोलते. कुणीतरी टेबलाशी बसून आकडे लिहिलेत. सोमवारपर्यंत तुमचं मत कळवा. तसं असेल तर त्या मुलीला काढावं लागेल, आणि दुसरीकडे कुणी विचारलं तर मला खरं ते सांगावं लागेल."

सावेंनी जागृतीला निरोप जसाच्या तसा सांगितला. पदरची वेलांटीही घातली नाही.

जागृतीने हातमोजे काढले. "आणि तुम्हाला काय वाटतं, काका?"

"मला काही वाटत नसतं. मी तपासतो."

तपासाची सुरुवात त्यांनी किटच्या खोक्यापासून केली. खोक्यावर ठळक छापलं होतं: केवळ संशोधनासाठी, निदानासाठी नाही. सावेंनी ते दोनदा वाचलं. "म्हणजे खऱ्यासाठी नाही, असं हे स्वतःच कबूल करतायत?" जागृती म्हणाली, सगळ्याच अशा किटवर तसं लिहितात. सावे म्हणाले, "सगळेच लिहितात म्हटलं की माझा संशय दुप्पट होतो."

किट पुरवणारा जतीन शहा वापीचा. त्याला सावेंनी फोन करून दुसऱ्या बॅचची किट मागवली, ती प्रयोगशाळेत नव्हे तर तलासरीला, हायवेवरच्या धाब्यावर. वाटेत कुणी बदलायला नको. जतीन थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन बाकड्यावर बसला होता, समोर शेव-टमेटाची प्लेट.

"या काका, बसा. काय घेणार?"

"किट बनावट आहे का, ते सांग."

जतीनने घास खाली ठेवला. "काका, बनावट किटचे आकडे कसे असतात माहिताय? माकडासारखे. आज या फांदीवर, उद्या त्या. तुमचे तर पंगतीला बसल्यासारखे बसलेत. बावीसच्या बावीस! वीस वर्षं धंदा करतोय, एवढी चांगली किट विकल्याचं मला कोणी सांगितलं नव्हतं. लेखी देता का? गिऱ्हाइकाला दाखवीन."

"मी तक्रार करायला आलोय."

"शेनी फरियाद, काका? किट सारी छे एनी? चांगली निघाली याची तक्रार?"

सावेंनी डब्याची चिकटपट्टी नखाने खरवडून पाहिली. चिकटपट्टी खरी निघाली, याचंही त्यांना वाईट वाटलं.

परतताना एसटीत कंडक्टरने डब्याकडे बोट केलं. "मासे मागे ठेवा, बाबा."

"मासे नाहीत. औषधासारखं आहे."

कंडक्टरने वाकून वास घेतला. "वास नाय म्हंजे ताजे असतील," तो म्हणाला, आणि डहाणू येईपर्यंत अधूनमधून मागे वळून सावेंकडे, नोकरीभर सावेंनी लोकांकडे पाहिलं तसं पाहत राहिला.

आता किट दुसरी होती, पण हात तेच, जागृतीचे. सावेंनी त्यासाठी जुनी युक्ती काढली. तपासणीला जाताना ते एखादी खोटी पावती मुद्दाम गठ्ठ्यात सरकवत. जो कारकून तीही मंजूर करी, तो गेला. तसं त्यांनी गावातल्या दवाखान्यात नर्सकडून स्वतःच्या दंडातलं रक्त काढून दोन नळ्यांत भरून घेतलं. एका नळीवर लिहिलं काशीनाथ सावे. दुसरीवर लिहिलं कृष्णकांत राऊत. असा कुणी नव्हता. तिसरी नळी घेऊन ते मटणवाल्याकडे गेले.

"रक्त कशाला पायजे, शेट?"

"तपासायला."

"तपासायला? झालेलं काय हो त्याला? चांगला होता सकाळी!" मटणवाला घाबरला. मग त्याला आठवलं. "मीच कापला की."

त्या नळीवर सावेंनी न्यासाच्या अध्यक्षांचं नाव लिहिलं. अध्यक्षांवर त्यांचा राग नव्हता. पण आडनावाला वजन असलं की कारकून सही करताना खालचं वाचत नाहीत, हा अनुभव होता.

रविवारी सकाळी त्यांनी तिन्ही नळ्या जागृतीला दिल्या, सांगितलं की फ्रीजरमधले झाईचे आणि घोलवडचे जुने नमुनेही पुन्हा लाव, आणि स्वतः दाराला पाठ लावून स्टुलावर बसले. म्हणजे बाहेरचं कुणी आत यायला नको, आतलं कुणी बाहेर जायला नको.

काम सावकाश चालतं. ताटलीत मुगाएवढे खळगे, शहाण्णव. थेंब टाकायचे, थांबायचं, धुवायचं, पुन्हा थेंब, पुन्हा थांबायचं. सावेंना वाटलं होतं की विज्ञानात काहीतरी धूर निघेल. इथे तर भांडी घासल्यासारखं चाललं होतं. दुपारी त्यांनी घरून आणलेला डबा मांडीवरच खाल्ला, एक डोळा जागृतीच्या बोटांवर ठेवून. तिने एकदाही मान वर केली नाही. लबाड माणूस मधूनमधून तपासनिसाकडे बघून घेतो, हे त्यांना ठाऊक होतं. तिने बघितलं नाही म्हणून ते जरा अस्वस्थ झाले. फार सराईत तर नसेल?

शेवटी खळग्यांत निळा रंग चढला, तिने आम्लाचे थेंब टाकले आणि निळ्याचा पिवळा झाला.

"जास्त पिवळा म्हणजे जास्त प्रथिन," ती म्हणाली. "या, बघा."

सावेंनी वाकून पाहिलं. चिकूवाल्याला पिवळ्याच्या छटा कोणी शिकवाव्या लागत नाहीत. घोलवडच्या ओळींत फिका होता, गर्द होता, हळदीसारखा होता, एक तर पाण्यासारखाच होता. आणि झाईच्या ओळी? एका बादलीतून रंगवलेल्या भिंतीसारख्या.

मशीनने कागद फेकला. जागृतीने वाचला, पुन्हा वाचला, आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडे पाहिलं.

"काका, तुम्ही आणलेल्या नळ्यांचं सांगू?"

"सांग."

"आपले अध्यक्ष माणूस नाहीत."

"पुढे," सावे गंभीरपणे म्हणाले.

"म्हणजे ही किट फक्त माणसाचं प्रथिन ओळखते, आणि अध्यक्षांच्या खळग्यात काहीच नाही. आणि सावे नि राऊत, यांचा आकडा अगदी एक आहे. तीस. हे दोघे भाऊ आहेत?"

"राऊत नावाचा कुणी नाही. दोन्ही मीच."

त्यांच्या युक्तीला कुणीतरी पुरून उरलं होतं. नोकरीत हे तीनदाच झालं होतं, आणि तिन्ही माणसांना त्यांनी मनातल्या मनात नमस्कार केला होता. तसा आताही करावा म्हणून ते स्टुलावर बसून मागे दाराला टेकले, आणि टेकता टेकता थबकले. दोन नावं, एक रक्त, एक आकडा. हे त्यांनी स्वतःच केलं होतं.

"जागृती," ते हळूच म्हणाले, "या झाईच्या बावीस बायका नाहीत."

"मग?"

"एक आहे." मग सवयीने पुस्ती जोडली, "किंवा एक पुरुष. किंवा प्रयोगशाळेतलंच कुणी."

"माझंही लावलंय आज. ऋषभचंही. माझा अठरा आला, त्याचा त्रेपन्न. झाईचा आजही एकेचाळीस."

"स्वतःचं का लावलंस तू?"

"तुम्ही पुढे तेच म्हणणार होतात."

सावेंनी स्टूल दारापासून बाजूला घेतलं.

उरला ऋषभ. आकडे जुळत नव्हते म्हणून रक्त त्याचं नव्हतं, पण सावेंच्या मते त्याने बायकांची वाट पाहण्याऐवजी एखाद्या मावशीला पुढ्यात बसवून सगळ्या नळ्या भरल्या असणार. झाईच्या दोघी अजून यायच्या राहिल्या होत्या, आणि तिकडच्या बायका येत त्या सोमवारी, बाजाराच्या दिवशी. मत संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. सावे भल्या सकाळी येऊन काउंटरमागच्या पडद्याआड वर्तमानपत्र घेऊन बसले.

ऋषभ हा मुलगा वाईट नव्हता. त्याला फक्त माणसं दिसत नसत. शिरा दिसत. गावात कुणी भेटलं तर तो "कसे आहात" म्हणता म्हणता कोपराच्या खळीकडे बघे. चेहऱ्याशी त्याचा संबंध नव्हता.

आठच्या सुमाराला जिन्यात धापा ऐकू आल्या आणि सुक्या बोंबलाचा वास आधी आला, मग बायजी तांडेल आली. साठी उलटलेली, उंच, काळी, कपाळावर मोठं कुंकू. दोन भल्या टोपल्या तिने खाली साड्यांच्या दुकानासमोर ठेवल्या होत्या, दुकानदाराच्या शिव्यांच्या भरवशावर. तिने काउंटरवर एका आधार कार्डाची झेरॉक्स टेकवली आणि खुर्चीत बसून सवयीने डावी बाही वर सारली.

"उपाशी?" ऋषभने विचारलं.

"कालच्या रातीपासून."

"नाव?"

"आज भाविनी लिव."

ऋषभने झेरॉक्स पाहिली. आधारच्या झेरॉक्सवर जो काळा डाग असतो तो कुणाचाही असू शकतो. बायजीचा असायलाही काही हरकत नव्हती. त्याने लिहिलं, भाविनी. शीर चाचपली. "मावशी, तुमच्या झाईला शिरा एक नंबर हां. सगळ्यांच्या सारख्याच."

वर्तमानपत्र खाली पडलं. पडद्याआडून सावे बाहेर आले.

"बाय, नाव काय तुमचं?"

"बायजी. कां?"

"आणि आज भाविनी?"

"आज भाविनीचा दिस ना. मागच्या बाजाराला चंपीचा होता. त्याच्या आधी शांती." बायजीने सावेंना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हे कोण? पोलीस?"

"विश्वस्त," ऋषभ पुटपुटला. त्याच्या हातातली सुई हवेतच राहिली होती. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच तो एका पेशंटच्या तोंडाकडे पाहत होता.

जागृती आतून आली आणि दारातच उभी राहिली.

"सगळ्या बायकांचं रक्त तुम्हीच दिलंत?" सावेंनी विचारलं.

"मग कोन देनार? वलांडीच्या बांबूंवर बोंबील वाळत घातलेत, ते काय बायकांना सोडतात? एक जाते, सगळ्यांचं करून येते. आमच्यात तसंच हाय, शेट. बाजाराला सगळ्यांच्या टोपल्या मीच आनते. हिची हिरवी चिंधी, तिची लाल. हिचे पैशे तिच्यात जात नाय कधी. रेशनला शांती जाते, ती सगळ्यांचं आनते. तुमच्या मानसानं गावात येऊन सांगितलं, डहानूला येऊन रक्त द्या. म्या म्हटलं, मी जातेच हाय, देते सगळ्यांचं."

"बाय, पण रक्त म्हणजे काय बोंबील आहे का?"

"नळ्या वेगळ्या दिल्या की नाय?" बायजीचा आवाज चढला. "एकीचं एकीच्यात मिसळलं काय? या पोराला विचारा. चंपीच्या नळीत शांतीचा थेंब नाय. उपाशी यायला सांगितलं, मी बावीस येळा उपाशी आले. सुई टोचल्यावर तो बिस्कुटाचा पुडा देतो ना, तो म्या खाल्ला काय? जिचा तिला नेऊन दिला. जिचं रक्त तिचा पुडा!"

सावे ऐकत होते. नोकरीभरात त्यांनी कितीतरी अपहार पाहिले, पण इतका हिशेबाने चोख अपहार त्यांच्या नजरेखालून गेला नव्हता. एक पुडाही कमी नव्हता.

"आणि तुमचं स्वतःचं नाव? तेविसावं की चोविसावं?"

"माझं कुठं घेतात? साठीवरच्या नकोत म्हनले. म्हातारीचं रक्त चालत नाय म्हनं तुमाला."

जागृतीने तोंडावर हात धरला. ती हसतेय की रडतेय हे सावेंना कळलं नाही, आणि यावेळी त्यांनी तपासायचं टाळलं.

"शेट," बायजी बाही खाली सारत म्हणाली, "तुमी माझ्यावर चोरीचा वहीम घेताय काय? तसं असंल तर सांगा. टोपल्या खाली हायत, मी जाते, पन परत या जिन्यावर झाईची एक बाय चढनार नाय."

"नाही, बाय. चोरी नाही." सावेंनी पडलेलं वर्तमानपत्र उचललं. "मला चोरी सापडेना, तोच तर घोळ झाला होता."

संध्याकाळी त्यांनी मयुराबाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं, बिस्किटांसकट. पलीकडे एकदम उत्साह.

"एकाच बाईचे, पाच महिन्यांत वेगवेगळ्या दिवशी घेतलेले बावीस नमुने? दोन वेगळ्या बॅचच्या किटवर? आणि एकच उत्तर? सावेसाहेब, किट भरवशाची आहे की नाही हे तपासायला असाच प्रयोग हवा असतो. मुद्दाम करायला आम्हाला कुणी परवानगीच दिली नसती! यावर मी लिहिणार."

"आणि जागृती?"

"तिचं काम फारच उत्तम आहे. मी नेहमीच म्हणत होते."

सावेंनी फोन ठेवला. मयुराबाईंचं शेवटचं वाक्य त्यांनी मनात अधोरेखित करून शेजारी प्रश्नचिन्ह काढलं.

जागृती टेबल आवरत होती. तिने पिशवीत स्वतःचा पाण्याचा ग्लास भरला, मग कंगवा, मग देवाचा छोटा फोटो. सावेंनी हे पाहिलं.

"हे कशाला? प्रश्न मिटलाय. मॅडमचा फोन झाला. तुझ्यावर आता काही संशय नाही."

"सकाळी होता ना?"

"होता."

"काल?"

"काल जरा जास्तच होता," सावेंनी प्रामाणिकपणे सांगितलं.

"काका, संशय तुमचा होता, नोकरी माझी होती. आज ती म्हातारी दुसऱ्या कुठल्या बाजाराला गेली असती तर? तुम्ही संध्याकाळी काय कळवणार होतात?"

सावेंना उत्तर माहीत होतं. तिलाही माहीत होतं. खाली साड्यांच्या दुकानाचं शटर अर्धं आलं आणि अडकलं.

"मी माणसांना विचारायला हवं होतं," शेवटी ते म्हणाले. "मी खोकी तपासली, चिकटपट्टी तपासली, बकरा तपासला. विचारायला झाईला कुणी गेलंच नाही. चुकलं माझं."

हे दोन शब्द बहुधा वापरात नसल्यामुळे त्यांच्या तोंडून घसरत बाहेर पडले. जागृतीने फोटो पिशवीतून काढला नाही, पण पिशवी खांद्यालाही लावली नाही.

"मी राहीन," ती म्हणाली. "एका अटीवर. झाईच्या सगळ्या बायकांचं नव्याने घ्यायचंय. ऋषभला चेहरे दिसत नाहीत. काउंटरवर तुम्ही बसायचं. प्रत्येक बाई तीच आहे, हे तुम्ही बघायचं आणि तुम्ही सांगायचं. माझ्या मशीनपर्यंत येईल ते रक्त कुणाचं, याची जबाबदारी तुमची. चुकलं तर मी नाही, तुम्ही घरी."

"मी? पगाराशिवाय?"

"बिस्किटाचा पुडा मिळेल."

त्यासाठी आधी झाईला जावं लागलं. सावे किनाऱ्यावर वलांड्यांच्या रांगांमधून गेले तेव्हा बायकांनी हातातलं काम न थांबवता त्यांची उलटतपासणी घेतली. एकीचं रक्त पुरलं नाही का? सगळ्यांचं घेऊन करणार काय? मुंबईला पाठवून विकता की कसं? शांती तर म्हणाली, बायजीचं एवढं नेलं, त्यात तिला ना कसली गोळी मिळाली ना कसला कागद, मग फायदा कुणाचा झाला? सावे वाळूत उभे राहून एकेका प्रश्नाला उत्तर देत होते आणि प्रत्येक उत्तरानंतर बायका एकमेकींकडे बघून भुवया उडवत होत्या. ही नजर त्यांच्या ओळखीची होती. आरशातली होती. पहिल्यांदाच त्यांना कळलं की समोरच्याला ती कशी लागते.

शेवटी ठरलं ते असं की आता मासे वाळत असताना नाही. होड्या किनाऱ्याला लागल्या आणि वलांड्या रिकाम्या झाल्या की सगळ्या जणी येतील, एका टेम्पोत, आणि बायजी बरोबर असेल, कारण तिच्यावर भरवसा आहे.

आषाढात एका सकाळी टेम्पो साड्यांच्या दुकानासमोर थांबला. जिना बायकांनी भरला. दुकानदाराला वाटलं, आज नशीब उघडलं. सगळ्या त्याच्या दारावरून वर गेल्या.

काउंटरवर सावे, पुढ्यात आधार कार्डांचा ढीग. बाजूला ऋषभ सुया मांडून. आतल्या दारात जागृती, हात बांधून.

पहिली बाई पुढे आली, डोक्यावर पदर, कानांत मोठ्या बाळ्या.

"नाव?"

"चंपा."

सावेंनी झेरॉक्सवरचा काळा डाग पाहिला. चंपाकडे पाहिलं. पुन्हा डाग पाहिला. "पदर मागे घ्या जरा."

"का म्हनून?" मागून बायजी गरजली. "म्हातारा तोंडं बघाया बसलाय काय?"

बायका खदखदल्या. सावेंच्या कानांच्या पाळ्या तापल्या. चंपाने पदर मागे घेतला आणि त्यांच्याकडे रोखून पाहिलं, जणू तेच कुणाच्या तरी नावावर तिथे बसले असावेत.

"काका," जागृती दारातून म्हणाली, "ही चंपा आहे ना?"

"कागदपत्रांवरून तसं म्हणायला हरकत दिसत नाही."

"तसं नाही. हो की नाही?"

"साधारणपणे..."

"काका, सुई तयार आहे. हो की नाही?"

सावेंनी चष्मा काढला, धोतराच्या टोकाने पुसला आणि परत लावला. चंपा वाट पाहत होती. मागे तेवीस बायका आणि एक बायजी वाट पाहत होत्या. त्यांना लेखी काही मागावंसं वाटत होतं, दोन साक्षीदार, गेला बाजार एक रबरी शिक्का.

"हो," ते म्हणाले.

"नक्की?" जागृतीने विचारलं.

"हो म्हटलं ना!" सावे ओरडले. "चंपाच आहे ती. घे रक्त!"

ऋषभने शीर चाचपली आणि कपाळाला आठी घातली. "हिची सापडत नाहीये, सर."

"शोध," सावे म्हणाले, "वेगळ्या बाईची आहे."